गृहपरिचर्या : दर्जाचा इतिहास

गृहपरिचर्या : आजारी, वृद्ध, अपंग, प्रसूत किंवा अन्य कारणाने परावलंबी झालेल्या व्यक्तीची तिच्या राहत्या घरी केली जाणारी शुश्रूषा. हिचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. मलमपट्टी, अंतःक्षेपण, औषधयोजना इ. तांत्रिक कामे पहिल्या भागात मोडतात आणि ती प्रशिक्षित परिचारिका करते. स्नान घालणे, कपडे बदलणे, शौचास नेणे, घास भरविणे, अंथरुणावर कूस पालटून देणे ही वैयक्तिक सेवेची कामे दुसऱ्या भागात येतात. ही कामे दिसावयास साधी असली, तरी परावलंबी माणसाचे आरोग्य, स्वच्छता व स्वाभिमान मुख्यतः त्यांवरच अवलंबून असतात. कूस वेळेवर न पालटल्यास शय्याव्रण होतात. पाणी वेळेवर न पाजल्यास वृद्धाच्या शरीरातील द्रवांश घटून ग्लानी येते. स्नानाच्या वेळी आडोसा न राखल्यास रुग्णास लाजिरवाणे होते.

रुग्णालयातील परिचर्या अनेकांच्या डोळ्यांदेखत चालते. वैद्य, वरिष्ठ परिचारिका, शेजारच्या खाटेवरील रुग्ण व भेटीस येणारे आप्त यांचे तिच्यावर लक्ष असते. घरातील परिचर्येस असा साक्षीदार बहुधा नसतो. जो सेवा घेतो तोच तिचा एकमेव साक्षीदार, आणि तोच सेवा देणाऱ्यावर सर्वस्वी विसंबून असतो. या अडचणीमुळे गृहपरिचर्येच्या दर्जाचा प्रश्न इतर वैद्यकीय सेवांच्या दर्जाहून वेगळा ठरतो. दृष्टीआड चालणाऱ्या कामाची खात्री कशी पटवून घ्यावी, या प्रश्नास वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे देण्यात आली. सेवकाची पारख, त्याचे शिक्षण, पर्यवेक्षण, कायदा व मोजमाप ही त्यांपैकी प्रमुख होत. [⟶ परिचर्या].

प्राचीन विचार : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्य, औषधद्रव्य, परिचारक व रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. यांत ज्ञान व कौशल्य यांच्या बरोबरीने अनुरागास स्थान दिले आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. रुग्णाचेही चार गुण सांगितले आहेत : स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपल्या व्याधीविषयी नीट सांगता येणे. परिचर्येचे यश केवळ परिचारकावर अवलंबून नसून रुग्णास न भिता बोलता येण्यावरही असते, ही जाणीव या यादीत आहे. पुढील इतिहासात या जाणिवेचा बराच काळ विसर पडलेला दिसतो.

व्यवहारात सर्वच समाजांत घरातील रुग्णाची सेवा कुटुंबातील स्त्रियांकडे असे. श्रीमंतांच्या घरी दाया व नोकर असत. गरिबांच्या घरी शेजारीण धावून येई. ही सेवा कर्तव्य मानली गेल्यामुळे तिच्या दर्जाची उघड चर्चा क्वचितच होई. यूरोपात रुग्णांच्या घरी जाऊन सेवा करण्याचे कार्य काही धार्मिक संघांनी हाती घेतले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल व लुईझ द मारीयाक यांनी स्थापन केलेला ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ (१६३३) त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे.

लिव्हरपूलचा प्रयोग : आधुनिक गृहपरिचर्येचा प्रारंभ इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी झाला, असे सामान्यतः मानतात. तेथील व्यापारी विल्यम रॅथबोन (१८१९–१९०२) यांची पत्नी १८५९ मध्ये दीर्घ आजाराने निवर्तली. तिच्या शुश्रूषेसाठी मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका ठेवली होती. पैशाने मिळू शकणारे सर्व साहाय्य उपलब्ध असताही घरात आजारपण किती कठीण जाते, हे रॅथबोन यांनी पाहिले आणि ज्यांना काहीच साहाय्य नाही त्यांचे काय होत असेल, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी रॉबिन्सनबाईंना शहराच्या एका गरीब वस्तीत घरोघर जाऊन सेवा करण्यासाठी तीन महिन्यांपुरते नेमले. वस्तीतील हालअपेष्टा पाहून त्या प्रथम खचल्या व कामातून मोकळे करावे, अशी विनंती करू लागल्या. परंतु मुदत संपेपर्यंत आपल्या सेवेचा परिणाम त्यांना दिसून आला व त्यांनी काम पुढे चालू ठेवले.

कार्य वाढवावयाचे तर प्रशिक्षित परिचारिकाच उपलब्ध नव्हत्या. रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांचा सल्ला घेतला. लिव्हरपूलमध्येच परिचारिका तयार कराव्यात, असे त्यांनी सुचविले. त्यानुसार तेथील रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयाला जोडून प्रशिक्षणशाळा निघाली आणि शहराचे अठरा विभाग पाडून प्रत्येकात एक परिचारिका नेमण्यात आली. ‘जिल्हा परिचारिका’ ही संज्ञा या विभागणीवरून रूढ झाली.

नाइटिंगेल यांचे परिचर्येवरील प्रसिद्ध टिपणवजा पुस्तक याच सुमारास निघाले. ते रुग्णालयांतील परिचारिकांसाठी नव्हे, तर घरी आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी लिहिलेले होते. हवा, उजेड, ऊब, अन्न, अंथरूण व शांतता यांची चर्चा करीत असता बारीकसारीक व्यवस्थेस त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. आपण जवळ असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल अशी तजवीज करणे म्हणजे खरी व्यवस्था, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एका व्यक्तीच्या सद्‌भावावर परिचर्या अवलंबून ठेवू नये, हा त्यातील मथितार्थ होय.

शिक्षण व पर्यवेक्षण : १८७४ मध्ये लंडनमध्ये राजधानीसाठी व सबंध देशासाठी एक परिचर्या-संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या प्रमुख फ्लॉरेन्स लीस यांनी गृहपरिचर्येला शिस्त आणली. रुग्णालयातील परिचारिकेस वैद्य हाकेच्या अंतरावर असतो. घरी जाणारीस एकटीने निर्णय घ्यावे लागतात. म्हणून तिचे शिक्षण रुग्णालयातील परिचारिकेपेक्षा कमी नव्हे, तर अधिक असले पाहिजे, असा लीस यांचा आग्रह होता. परिचारिकांनी एकत्र निवासात राहावे, प्रमुखेने त्यांच्या रुग्णांना स्वतः भेट देऊन काम पाहावे आणि रुग्णाच्या खोलीची स्वच्छता व मांडणी हाही परिचर्येचाच भाग समजावा, असे दंडक त्यांनी घालून दिले. परिचारिकेने रुग्णास पैसे वा अन्न दान देऊ नये, असाही नियम करण्यात आला. दान देणाऱ्या व्यक्तीविषयी गरीब माणूस तक्रार करू शकत नाही, हे ध्यानी घेता या नियमाचे औचित्य पटते.

व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी (१८८७) स्त्रियांनी जमविलेल्या निधीतून ७०,००० पौंड या कार्यासाठी देण्यात आले. त्यातून निघालेल्या संस्थेस १८८९ मध्ये राजसनद मिळाली. संलग्न मंडळांच्या कामाची पाहणी करण्यासाठी या संस्थेने निरीक्षिका नेमल्या. अमेरिकेत लिलियन वॉल्ड (१८६७–१९४०) यांनी न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत १८९३ मध्ये असेच कार्य सुरू केले. त्यांच्या प्रेरणेने मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने १९०९ पासून आपल्या विमेदारांसाठी परिचारिका पाठविण्याची योजना आखली. तीव्र साथीच्या रोगांत थोड्या भेटींत रुग्ण बरा होई व त्याचा लाभ कंपनीस हिशोबात दाखविता येई. पुढे दीर्घकालीन विकारांचे प्रमाण वाढले आणि भेटींचा खर्चही वाढला. शेवटी ही योजना १९५३ च्या सुरुवातीस बंद झाली. ज्या रुग्णास बरे करता येत नाही, केवळ नीट सांभाळता येते, त्याच्या सेवेचे मोल हिशोबात कसे मांडावे, हा प्रश्न येथे प्रथम स्पष्ट झाला.

गृहसाहाय्य व कायदा : वैयक्तिक सेवेचा दुसरा प्रवाह घरकामातून आला. इंग्लंडमध्ये १९१८ च्या माता व बालकल्याण अधिनियमाने प्रसूत स्त्रियांच्या घरी मदतनीस पाठविण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, ही सोय आजारी व वृद्धांनाही लागू झाली. राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या १९४६ च्या अधिनियमाने तिला कायम स्वरूप आले, तरी ती ऐच्छिकच राहिली. १९६८ च्या अधिनियमाने ते स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविण्यात आले. ही मदतनीस बहुधा त्याच वस्तीतील मध्यमवयीन स्त्री असे. केर काढणे, शेगडी पेटविणे, बाजारहाट व स्वयंपाक ही तिची ठरलेली कामे. त्यांच्या ओघात ती वृद्धाची वेणी घाली, दोन शब्द बोले, चेहरा उतरलेला दिसल्यास वैद्यास कळवी. या गोष्टी तिच्या कामाच्या यादीत नव्हत्या.

रुग्णालयातील मुक्काम जसजसा कमी होत गेला, तसतशी अधिक परावलंबी माणसे घरी राहू लागली. स्नान घालणे हे काम कोणाचे, यावर इंग्लंडमध्ये दीर्घकाळ वाद चालला. ते वैद्यकीय मानल्यास आरोग्यसेवेकडून विनामूल्य मिळे; सामाजिक मानल्यास स्थानिक संस्था त्याचे शुल्क आकारू शके. स्नान तेच, पण खाते बदलताच त्याची किंमत, वेळ व ते घालणारी व्यक्ती बदले. स्कॉटलंडने २००२ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींना वैयक्तिक सेवा विनामूल्य करून आणि २०१९ मध्ये ती सवलत त्याखालील वयाच्या प्रौढांनाही देऊन या वादावर आपल्यापुरता तोडगा काढला.

मोजमापाचे युग : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दर्जा मोजण्याची शास्त्रीय साधने पुढे आली. सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये परावलंबनाचा निर्देशांक मांडला. स्नान, वस्त्रधारण, शौचविधी, अंथरुणातून उठबस, मलमूत्रावरील ताबा व अन्नग्रहण या सहा क्रिया माणूस किती स्वतंत्रपणे करू शकतो, हे त्यावरून ठरते. ॲव्हेडिस डोनाबेडियन (१९१९–२०००) यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेच्या दर्जाचे परीक्षण रचना, प्रक्रिया व फलित या तीन अंगांनी करावे, असे सुचविले. गृहपरिचर्येपुरते बोलावयाचे तर सेवकांची संख्या व शिक्षण ही रचना, सेवा प्रत्यक्ष कशी दिली जाते ही प्रक्रिया आणि सेवा घेणाऱ्याची स्थिती हे फलित होय. यांपैकी रचना कागदावर तपासता येते. प्रक्रिया मात्र बंद दाराआड घडते. दीर्घकालीन विकारात फलित ठरविणेही कठीण, कारण उत्तम सेवा मिळूनही रुग्णाची प्रकृती खालावत जाते.

ब्रिटनमध्ये १९९० च्या अधिनियमानुसार १९९३ पासून स्थानिक संस्थांनी सेवा स्वतः देण्याऐवजी ती खाजगी व स्वयंसेवी संस्थांकडून विकत घेण्यावर भर दिला. दोन दशकांच्या आत घरपोच सेवेचे बहुतेक तास खाजगी संस्थांकडे गेले. सेवा विकत घ्यावयाची तर तिचे माप हवे. ते माप वेळेचे ठरले. अर्ध्या तासाच्या, पुढे अनेक ठिकाणी पंधरा मिनिटांच्या भेटी ठरविल्या गेल्या. दोन घरांमधील प्रवासाचा वेळ पुष्कळदा वेतनात धरला जात नसे. पंधरा मिनिटांत वृद्ध माणसास उठविणे, धुणे, कपडे घालणे व न्याहारी देणे यांपैकी काहीतरी राहून जाणे अटळ होते.

समता व मानवी हक्क आयोगाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीत याचे चित्र उमटले. सेवा घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक समाधानी होते. परंतु वृद्धांना अन्नपाणी न मिळणे, मळलेल्या अंथरुणात तसेच पडून राहावे लागणे, अंग पुसताना आडोसा न राखणे असे प्रकारही नोंदले गेले. एका स्त्रीकडे दोन आठवड्यांत बत्तीस निरनिराळ्या सेविका आल्याची नोंद त्या अहवालात आहे. प्रत्येक भेट कदाचित वेळेवर झाली असेल; परंतु विवस्त्र अवस्थेत बत्तीस अनोळखी व्यक्तींसमोर जावे लागणे म्हणजे काय, हे भेटींच्या नोंदवहीत दिसत नाही. अनेक वृद्ध तक्रार करण्यास धजत नाहीत, असेही चौकशीत आढळले. येणारी सेविका रागावेल वा यायची थांबेल, ही भीती त्यामागे असे. काहींना सेविकेची कणव येई. तिलाही वेळ नाही, हे त्यांना दिसत असे. यामुळे तक्रारी कमी आल्या म्हणजे सेवा चांगली आहे, हे अनुमान धोक्याचे ठरते.

यानंतर काही सुधारणा झाल्या. इंग्लंडमध्ये २०१४ च्या अधिनियमाने व्यक्तीचे सुस्वास्थ्य हे सेवेचे ध्येय ठरविले. नव्या सेवकांसाठी २०१५ मध्ये १५ निकषांवर आधारलेले प्राथमिक प्रशिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी वैद्यकीय गुणवत्तेच्या राष्ट्रीय संस्थेने मार्गदर्शन प्रसिद्ध केले. भेट किमान अर्ध्या तासाची असावी आणि त्याहून छोटी भेट सेवक ओळखीचा असून काम मर्यादित असेल तरच ठरवावी, असे त्यात म्हटले होते. सेवासंस्थांच्या तपासणीसाठी २००९ पासून स्वतंत्र आयोग आहे. तथापि खाजगी घरात निरीक्षकास रहिवाशाच्या संमतीनेच जाता येते. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्यूर्टझोर्ग’ या संस्थेने निराळा मार्ग धरला. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा गट एका वस्तीची जबाबदारी घेतो व कामाचे नियोजन स्वतः करतो. त्यामुळे रुग्णाकडे मोजकीच व ओळखीची माणसे येतात. लिव्हरपूलच्या विभागणीमागील तत्त्व येथे नव्या रूपात दिसते.

भारत व महाराष्ट्र : भारतात घरची परिचर्या आजही मुख्यतः कुटुंबाकडे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत कुटुंबीयांची विनावेतन देखभाल करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत २७·६ टक्के व पुरुषांत १४ टक्के आढळले. अशा देखभालीत स्त्रिया दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे व पुरुष ७६ मिनिटे घालवीत होते. या सेवेची पारख होत नाही आणि ती करणारीस विश्रांतीही मिळत नाही. थकलेल्या सुनेच्या हातून होणारी हेळसांड व दुष्टपणा यांत फरक आहे. पण अंथरुणावरील माणसास त्याचा परिणाम सारखाच भोगावा लागतो.

महाराष्ट्रात परिचर्येस प्रतिष्ठित व्यवसायाचे रूप देण्यात पुण्याच्या सेवासदनाचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची सोय केली. परक्याचे मलमूत्र काढण्याचे काम हलके मानणाऱ्या समाजात विधवा व मध्यमवर्गीय स्त्रियांनी या व्यवसायात यावे, यासाठी त्या काळी मोठे धैर्य लागले.

घरी दिलेल्या सेवेचे फलित काटेकोरपणे मोजता येते, हे गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत म्हणून नेमले, त्यांच्या गृहभेटी ठरविल्या व त्यांच्या कामावर नियमित पर्यवेक्षण ठेवले. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांच्या मानाने, नवजात मृत्युमान सु. ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत अशा गृहभेटींचा कार्यक्रम देशभर राबविण्यात येऊ लागला. केरळमध्ये कोझिकोडे येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशमन चळवळीतून शेजाऱ्यांनीच चालविलेली घरपोच सेवा उभी राहिली व २००८ मध्ये राज्य शासनाने तिला धोरणाची मान्यता दिली.

वृद्धांच्या वैयक्तिक सेवेबाबत अशी व्यवस्था अद्याप अपुरी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोक सु. १०·३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८·६ टक्के होते. मुले नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी गेल्यामुळे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अनेक घरी ब्यूरोमार्फत दिवसपाळी वा रात्रपाळीच्या बाया ठेवल्या जातात. त्यांना घरात मावशी म्हणतात, पण त्यांचे शिक्षण, सुट्टी व वेतन यांविषयी निश्चित नियम क्वचितच असतात. परिचारिकांची नोंदणी परिषदेकडे होते. या सेविका तिच्या कक्षेबाहेर राहतात. मातापित्यांच्या निर्वाहाविषयीचा २००७ चा केंद्रीय अधिनियम मुलांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकतो. प्रत्यक्ष सेवा कशी असावी, याविषयी मात्र त्याच्याकडून फारसे मार्गदर्शन मिळत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी कायदा केला. त्याचा रोख कामगारांच्या कल्याणावर आहे.

समालोचन : दीडशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. सेवकाचे शिक्षण, पर्यवेक्षण व पुरेसे वेतन यांवाचून चांगली परिचर्या टिकत नाही. केवळ सद्‌भाव पुरत नाही. मोजमाप आवश्यक आहे. तथापि जे सहज मोजता येते तेवढेच मोजले गेल्यास उरलेले हळूहळू नाहीसे होते. तोच सेवक पुन्हा पुन्हा येणे, त्याच्याजवळ पुरेसा वेळ असणे व घरी जाऊन विचारपूस करणारी तिसरी व्यक्ती असणे या तीन गोष्टी जेथे होत्या, तेथे परिचर्येचा दर्जा टिकण्यास आधार मिळाला. चरकसंहितेने रुग्णाच्या ठायी अपेक्षिलेली निर्भयता तेथे उपचारांच्या संदर्भात आहे. आजच्या गृहपरिचर्येत ती रुग्णाने एकट्याने बाळगावयाची गोष्ट राहिलेली नाही. दुपारी जेवायला दिले नाही, हे वृद्धेला संध्याकाळी कोणापाशी तरी सांगता यावे आणि ते सांगितल्यामुळे दुसऱ्या दिवशी तिची अधिक आबाळ होऊ नये, अशी व्यवस्था करणे हे कुटुंब, सेवासंस्था व शासन यांचे काम होय.